बुरुलकानची दोन चित्रं

पडद्यावरचं नाव वाचलं आणि डॉक्टर सिर्गा खुर्चीत ताठ बसली. बुरुलकान आसानोव्हा, वय एकसष्ट. सात महिन्यांपूर्वी, ऑगस्टात, याच बाईची याच एमआरआय मशीनमध्ये तपासणी झाली होती. अहवाल सिर्गानंच लिहिला होता. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ, जात वाईट, पण अजून जागच्या जागी आहे. महिन्याच्या आत शस्त्रक्रिया करा.

आता मार्च उजाडला होता. बाईला कुणी हात लावलेला नव्हता. गाठ मूत्राशयात शिरली होती आणि मागे कण्याकडे सरकली होती. आता कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सिर्गानं ऑगस्टचं चित्र काढून शेजारी लावलं. बिश्केकच्या त्या कर्करोग रुग्णालयात ती पाण्यावरून गाठ ओळखणारी म्हणून माहीत होती. पेशी खेटून वाढल्या की मधलं पाणी अडकतं, आणि डिफ्युजनच्या चित्रात तेवढी जागा काळी दिसते. रक्ताच्या बारीक नळ्या जिथे दाट, तिथे ती लाल रंग भरायची. काळं आणि लाल जितकं जास्त तितकी गाठीची जात दुष्ट. ऑगस्टचं चित्र काळंलाल नुसतं पेटलेलं होतं.

आजचं बघून मात्र कुणालाही वाटलं असतं की बाई सुधारली. मधोमध फिकट, शांत पोकळी, लाल ठिपके कडेला चार-दोन. सिर्गाला ती शांतता कळत होती. गाठ इतकी माजली होती की तिला रक्त पुरेना, आणि ती आतून सडली. नळ्या मेल्या, पेशी फुटल्या, पाणी मोकळं झालं. तिला मनापासून संताप आला. कुणीतरी हे होऊ दिलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून बुरुलकानचा मुलगा तालाय आत आला. मागे त्याची थोरली बहीण नुरजमाल होती. तालायनं बसायचंही मनावर घेतलं नाही. त्याला एकच पाहिजे होतं, ऑगस्टच्या अहवालाचं नि चित्रांचं पाकीट कुणी नेलं ते लेखी द्या.

सिर्गानं रजिस्ट्रीतून पाकिटांची वही मागवली. खिडकीवरच्या बाईच्या अक्षरात नोंद होती: गुरुवार, बावीस ऑगस्ट, रुग्णाची सून पेरिझात. पुढे सही म्हणून एक फराटा.

"म्हटलं नव्हतं?" तालाय बहिणीकडे वळला. "माझ्याच बायकोनं आईला मारलं."

त्यानं सगळं भडाभडा सांगितलं. पेरिझात घरात म्हणाली होती, दवाखान्यातून फोन आला, नुसती सूज आहे, गोळ्या घ्या. सगळे निर्धास्त झाले. आई सात महिने गोळ्या गिळत राहिली. आज चार वाजता वस्तीतले अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे पंच, बसणार होते. बायकोला हाकलायचं, वर्षाची पोर अक्मोर ठेवून घ्यायची, हे ठरल्यातच जमा होतं. वहीची नक्कल मिळाली की ठप्पा लागायचा तेवढा बाकी.

"तिला फार बोलू नकोस रे," नुरजमाल हळूच म्हणाली. "डोंगरातली पोर आहे. घाबरली असेल." नुरजमाल बरीच वर्षं मॉस्कोत होती. आई झोपून राहिलीय असं कळल्यावर नोव्हेंबरात आली आणि तेव्हापासून आईचं हगणंमुतणं तीच काढत होती. सिर्गाला ती बाई आवडली.

"रुग्णालय कधी फोन करत नाही," सिर्गा म्हणाली. पण एक फोन झाला होता. रुग्णालयानं केलेला नव्हता, रुग्णालयाला आलेला होता. पाकीट नेल्याच्या दुसऱ्या दिवशी एका बाईनं फोनवर कागदाचा क्रमांक सांगितला. मी सून, म्हणाली. रशियनमध्ये अहवालातला पाण्याचा आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, हा कमी म्हणजे वाईट ना? सिर्गानं सगळं नीट समजावलं. मग त्या बाईनं विचारलं होतं, आणि काहीच केलं नाही तर? सिर्गाला वाटलं, घाबरलीय बिचारी. सहा महिने, फार तर आठ, असं सांगून तिनं फोन ठेवला होता.

रुग्णाला स्वतःला काही सांगायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे कर्करोग झालेल्याला कर्करोग झालाय असं तोंडावर कुणी सांगत नाही. घरच्यांना सांगायचं, घरचे ठरवतील. सिर्गा वीस वर्षं हेच करत आली होती आणि त्याला दया समजत होती.

नक्कल दोन वाजता देते, असं सांगून तिनं बहीणभावाला वाटेला लावलं आणि पेरिझातला बोलावलं. ती जिन्याखाली पोरीला घेऊन बसली होती. तेवीस-चोवीसची असेल. डोक्याला पांढरा रुमाल, डोळे रडून सुजलेले. पोर तिच्या कुशीत तळलेल्या पिठाच्या बोरसोकचा तुकडा चघळत होती. सिर्गानं आवाजात मुळीच मऊपणा येऊ दिला नाही.

"पाकीट तू नेलंस?"

"नाही, एजे," पेरिझात म्हणाली. एजे म्हणजे ताई. "मी शुक्रवारी गेले होते. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, गेलं."

"कुणी नेलं ते विचारलं नाहीस?"

"त्या रशियनमध्ये बोलतात. मला दहा शब्द येतात."

"खिडकीवर रुग्णाचं नाव सांगितलंस?"

पेरिझातनं मान खाली घातली. "नंबराची चिठ्ठी सरकवली."

"आणि हे फोनचं काय?"

"फोन आला होता, पोरीची शपथ. बाई होती. भराभर रशियन बोलली. मला सूज एवढं कळलं आणि गोळ्या एवढं कळलं. तेच मी आमच्या मोठ्यांना सांगितलं."

सिर्गा विचारत राहिली, कधी आडून, कधी दरडावून. पेरिझात त्याच उत्तराला धरून होती. सासूला ती कधी 'आमच्या मोठ्या' म्हणाली, कधी 'अक्मोरची आजी'. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही हा आमच्याकडचा जुना नेम. शहरातल्या पोरींनी तो कधीच गुंडाळून ठेवलाय, पण ही नारिनच्या डोंगरातली होती. शेवटी सिर्गानं एक कोरा फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, रुग्णाचं नाव मोठ्यानं सांग, मी लिहिते. पोर हिरावली जाणार होती, घर जाणार होतं, तरी त्या मुलीच्या ओठांवर ते नाव येईना. ती लाल झाली, तिनं पोरीला घट्ट धरलं आणि सिर्गाच्या टेबलावरच्या फाइलकडे बोट दाखवलं.

सिर्गानं फॉर्म बाजूला ठेवला. मग टेबलावरचा ऑगस्टचा अहवाल तिच्या हातात देऊन म्हणाली, वाच. पेरिझात अक्षरं लावू लागली. तिसऱ्या शब्दाला अडखळली आणि तिथेच थांबली.

आता सिर्गाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ती वही घेऊन तडक खाली रजिस्ट्रीत गेली.

खिडकीवर रिम्मा फ्योदोरोव्ना बसायची. तीस वर्षं त्याच स्टुलावर. खिडकी इतकी खाली, की समोरच्याचा चेहरा पाहायला मान मोडावी लागे, आणि रिम्मा आपली मान कुणासाठी मोडत नसे.

"सात महिन्यांपूर्वीचं मला कसं आठवणार? तुमच्या सुना सगळ्या सारख्याच. पांढरे रुमाल आणि खाली घातलेली मान."

"हिची तपासणी एकोणीस तारखेची. पाकीट तीनच दिवसांत गेलं."

रिम्मानं वही जवळ ओढली. "थांबा. ही आठवते. माझ्याहून चांगलं रशियन बोलली. रुमालातली सून आणि असं रशियन, मी चाटच पडले. खिडकीशी आली नि खणखणीत म्हणाली, बुरुलकान आसानोव्हा, एकोणीस ऑगस्ट. तुम्ही कोण, विचारलं, तर म्हणाली सून पेरिझात. दिलं पाकीट."

"बुरुलकान आसानोव्हा असंच म्हणाली? तिनं स्वतःच्या तोंडानं?"

"मग काय, गाऊन दाखवणार होती? का हो, त्यात काय चुकलं?"

रिम्माला त्यात काही चुकलेलं वाटलं नाही यात नवल नव्हतं. तीस वर्षं आमच्यात राहून तिनं आमचा चहा उचलला होता, नेम उचलले नव्हते. सिर्गा जिने चढताना मनाशी म्हणाली, रुमाल बांधला, मान घातली, सगळं सोंग बरोबर आणलं. आणि आपण सुनेचं सोंग घेतलंय हे नाव घेताना विसरली. जन्मभर जिला ते नाव घ्यायची मोकळीक होती ती विसरली.

पण संशयावर पंच ऐकत नाहीत. सिर्गानं खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन कागद छापले, एक ऑगस्टचा, एक आजचा. वरच्या तारखांच्या पट्ट्या कात्रीनं कापून टाकल्या.

दोन वाजता तिघं आली. पेरिझात दाराशीच उभी राहिली. सिर्गा तालायला म्हणाली, पंचांना नुसतं सांगून पटत नाही, ही चित्रं दाखवा. एक आधीचं, एक आताचं. आधी केवढं कमी होतं आणि आता काय झालं ते दिसलं पाहिजे. काळं म्हणजे पाणी अडकलेलं, लाल म्हणजे रक्ताच्या नळ्या. एवढं बोलून ती कपाटात फाइल शोधू लागली.

तालायनं कागद हातात घेतले. फिकट कागद डावीकडे धरला, पेटलेला उजवीकडे. "हे आधीचं, शांत. आणि हे आताचं," तो दातओठ खात म्हणाला. "बघ, काय करून ठेवलंस." पेरिझातनं उजवीकडचा कागद पाहिला आणि तोंडावर हात घेतला.

"उलटं धरलंयस," नुरजमाल म्हणाली. तिनं भावाच्या हातातून कागद घेतले आणि अदलाबदल केली. "हे लाल आधीचं."

सिर्गा कपाटापासून वळली.

"कशावरून, नुरजमाल?"

"काय कशावरून?"

"लाल ते आधीचं, हे कशावरून ओळखलंत? तुमचा भाऊ चुकला, भावजय चुकली. माझ्या हाताखालचे डॉक्टरही घोळ घालतात. जो पाहील तो म्हणेल की लाल म्हणजे आताचं, कारण दुखणं वाढतं तसा रंग वाढणार. पण गाठ आतून मेली की रंग उतरतो, आणि हे मी या खोलीत कुणाला सांगितलेलं नाही. ऑगस्टचं चित्र तुमच्या घरातल्या एकाच माणसानं पाहिलंय, ज्यानं पाकीट नेलं त्यानं."

तालायला काय चाललंय ते कळेना.

"मी मॉस्कोत होते," नुरजमाल म्हणाली.

"मग पासपोर्ट दाखवा. सीमेवर शिक्का मारतात. ऑगस्टचा नसेल तर मी तुमची माफी मागेन, भावासमोर."

नुरजमालनं पिशवी पोटाशी धरली. पासपोर्ट काही काढला नाही.

मग सिर्गानं तालायला बसवलं आणि एकेक उलगडून सांगितलं. पाकीट नेणारीनं खिडकीवर तुझ्या आईचं नाव घेतलं, खणखणीत. तुझ्या बायकोला मी आज फॉर्मवर लिहायला नाव विचारलं, तर पोर जात असतानाही तिच्या तोंडून ते निघालं नाही. आणि रशियन म्हणशील तर पाकीट नेणारी ते उत्तम बोलली, आणि मला फोन करून आकडासुद्धा तिनं वाचला. तुझ्या बायकोला अहवालाची एक ओळ वाचता येत नाही. तिला आलेला सुजेचा फोनही त्याच बाईचा. नणंद इतकी वर्षं मॉस्कोत, फोनवरच्या दुसऱ्या भाषेत तो आवाज तिला कसा ओळखू यावा? आईची तपासणी आहे, निकाल गुरुवारी मिळणार, हे मॉस्कोला कुणी कळवलं होतं?

"मी," तालाय म्हणाला.

"नुरजमाल, काहीच केलं नाही तर काय, असं तुम्ही मला विचारलंत. मी सहा महिने म्हटलं. तुम्ही तिसऱ्या महिन्यात आलात."

"बघायला आले," नुरजमाल म्हणाली. तिचा आवाज आताही हळू होता. "जवळून बघायचं होतं."

"एजे, ती आई आहे," तालाय म्हणाला.

"तू दहा वर्षांचा होतास. तुला काय आठवणार? मला लग्नासाठी कॉलेजच्या दारातून गाडीत कोंबून पळवून नेलं. रात्रभर बायका माझ्या डोक्यावर रुमाल घालत होत्या, मी फेकत होते. पहाटे पळाले. बर्फातून अनवाणी आईच्या दारात आले. तिनं मला आत घेतलं नाही. दारातच माझ्या डोक्याला तो रुमाल तिनं स्वतःच्या हातानं बांधला आणि हाताला धरून मला परत नेऊन सोडलं. म्हणाली, निमूट सोस. मी सोसलं. पाचव्या महिन्यात नवऱ्यानं पोटात लाथ घातली. मूल गेलं, गर्भाशय काढावं लागलं. मी एकवीसची होते." ती थांबली. "पाकीट घ्यायला मी खरंच काळजीनं आले होते. मी आलेय हे आईला कळायला नको होतं, म्हणून रुमाल बांधला, सुनेचं नाव सांगितलं. नंतर कागदावर वाचलं की कुठे गाठ आहे. म्हटलं, असू दे तिथे."

"आणि हिचा काय गुन्हा होता?" सिर्गानं पेरिझातकडे बोट केलं. "हिची पोर जाणार होती."

"माझा काय होता?"

तालाय उठला, पुन्हा बसला. पोलिसांत देतो, म्हणाला. नुरजमाल हसली. "कुठल्या कलमाखाली? मी कागद नेला, घरच्या माणसानं न्यायचा असतोच. आईला सांगितलं नाही, कुणीच सांगत नाही. तपासणीच्या दिवशी ती तुमच्या दाराबाहेरच बसली होती, बाकावर. डॉक्टर, तुम्ही दहा पावलं चालून तिला सांगायचं होतं. तुम्ही मला सांगितलंत, फोनवर, चेहरासुद्धा न बघता."

सिर्गाला लाज वाटली.

तालायनं पंचांना फोन करून बैठक मोडली. मग खाल मानेनं म्हणाला, आईला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतंय सुनेनं लपवलं, तर तसंच वाटू दे. चार दिवसांची सोबती आहे, लेकीचं ऐकून जीव तुटेल तिचा. पेरिझात समजून घेईल. पेरिझातनं नवऱ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. एवढं सगळं झाल्यावरही हा माणूस तिच्याच पदरात दोष बांधून मोकळा होत होता.

"नाही," सिर्गा म्हणाली आणि उठली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतः वॉर्डात निघाली होती.

बुरुलकान खिडकीजवळच्या खाटेवर होती, वाळून काटकी झालेली. सिर्गा तिच्या पायाशी बसली आणि सांगून टाकलं. कर्करोग आहे. ऑगस्टात कापता आला असता. आता येत नाही. तुमच्या सुनेनं काही लपवलेलं नाही, पाकीट तुमच्या लेकीनं नेलं.

म्हातारी म्हणाली, "पाय निळे पडले होते तिचे. मी पाहिले होते."

मग तिनं मुलाला बोलावून घेतलं. पेरिझातला जायचं असेल तर जाऊ दे, पोरीसकट, कुणी आडवं आलं तर बघ, एवढं बजावलं. तालायनं मान हलवली. पेरिझात आत आली नाही. दारातूनच तिनं सासूपुढे कमरेत वाकून नमस्कार केला, पोरीला पाठीशी बांधलं आणि नारिनची गाडी धरायला निघाली. तालाय तिच्यामागे फाटकापर्यंत घरी चल, घरी चल करत गेला. ती चालत राहिली.

"आता लेकीला पाठवा," बुरुलकान म्हणाली.

नुरजमाल खाटेजवळ उभी राहिली. म्हातारीनं हात पुढे केला. चूक झाली माझी, म्हणाली, बस जरा माझ्याजवळ. नुरजमालनं त्या हाताकडे पाहिलं. नोव्हेंबरपासून रोज जिनं तिचं अंग पुसलं होतं, तिनं तो हात हातात घेतला नाही. कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली, आईच्या पांघरुणाची खाली लोंबणारी कड सवयीनं गादीखाली खोचली आणि निघून गेली. जिन्यावरची तिची पावलं संपेपर्यंत म्हातारी दाराकडे बघत होती.

मग तिथे कुणीच उरलं नाही. सिर्गाला खाली तीन तपासण्या होत्या, तरी ती बसून राहिली. तिनं म्हातारीचा तो हात आपल्या हातात घेतला. तिला वाटलं, काहीतरी दिलाशाचं बोलावं.

"डॉक्टर," बुरुलकाननं विचारलं, "पुढे फार दुखेल का?"

"हो," सिर्गा म्हणाली.